सिस्टिक ॲक्ने म्हणजे गाठीचे मुरूम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेहऱ्यावर, जबड्याच्या कडेला, पाठीवर किंवा छातीवर खोल, ठणकणाऱ्या गाठी येत असतील तर हे पान तुमच्यासाठी आहे. औषधांची मात्रा इथे सांगितली आहे ती डॉक्टर काय देत आहेत आणि का देत आहेत हे कळावं म्हणून. दुकानात जाऊन मागण्यासाठी नाही.

साधे मुरूम आणि गाठीचे मुरूम, फरक कसा ओळखायचा?

बोट फिरवून बघा. साधी पुटकुळी त्वचेच्या वर असते, तिला पांढरं किंवा काळं तोंड असतं आणि आठवड्याभरात ती बसते. गाठ त्वचेच्या खाली असते. साधारण अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठी, घट्ट किंवा लिबलिबीत, आणि तिला तोंडच नसतं. अनेकदा ती दिसायच्या आधी दुखायला लागते. कूस बदलताना गाल उशीला टेकला तरी कळ येते. एकेक गाठ तीन-चार आठवडे, कधी दोन-तीन महिनेही राहते, आणि गेली तरी मागे डाग किंवा खड्डा ठेवते. शेजारच्या दोन गाठी आतून एकमेकींना जोडल्या गेल्या, एक दाबली की दुसरीतून पू येतो असं झालं, तर आजार पुढच्या टप्प्यात गेला आहे असं समजा.

त्वचेच्या आत नेमकं काय होतं?

प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. वयात येताना ॲन्ड्रोजन हॉर्मोन्समुळे ती जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी केसाच्या नळीतल्या मृत पेशी नीट गळून पडत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि तोंड बंद होतं. आत तेल साचतं. तिथे कायम राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू वाढतो आणि सूज सुरू होते. इथपर्यंत सगळ्या मुरमांची गोष्ट एकच.

गाठीच्या मुरमात ती नळी आतल्या बाजूला फुटते. तेल, पेशी, जिवाणू असा सगळा ऐवज आतल्या थरात सांडतो आणि शरीर त्याच्यावर तुटून पडतं. या झटापटीत त्वचेला आधार देणारं कोलॅजेनही नष्ट होतं. खड्डा तयार होतो तो इथे, गाठ अजून लाल असतानाच. म्हणून ‘आधी मुरूम जाऊ देत, डागांचं नंतर बघू’ हा हिशेब चुकतो. डागांवरचा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक इलाज म्हणजे गाठी लवकर थांबवणं.

गाठ दाबून पू काढला तर लवकर बरी होईल ना?

नाही. तिला बाहेर तोंड नसतं, त्यामुळे दाब दिल्यावर पू आतल्या आत पसरतो आणि गाठ रुंद होते. पार्लरमध्ये फेशियलच्या वेळी जी ‘सफाई’ करतात तीही गाठींच्या चेहऱ्यावर करून घेऊ नका. वाफ, रगडणं, ब्लॅकहेड काढायची सळई या तिन्ही गोष्टी अशा त्वचेवर नुकसानच करतात.

आत्ता गाठ ठणकते आहे. आज रात्री काय करू?

बर्फाचा तुकडा स्वच्छ रुमालात गुंडाळून पाच ते दहा मिनिटं धरा, मध्ये तितकाच वेळ सोडून पुन्हा दोनदा. बर्फ थेट त्वचेवर नको. दुखणं सहन होत नसेल आणि तुम्हाला चालत असेल तर पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या. २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल घरात असेल तर त्याचा पातळ थर लावा. टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा, लसूण, चुना यांतलं काहीही नको. लिंबाने आणि लसणाने त्वचा भाजते आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्या भाजण्याचा काळा डाग मुरमाच्या डागापेक्षा जास्त दिवस टिकतो.

पोट साफ नाही, अंगात उष्णता आहे, रक्त अशुद्ध आहे म्हणून येतात का?

घरात पहिलं निदान हेच होतं. बद्धकोष्ठतेने गाठी येतात असं दिसून आलेलं नाही आणि रक्त ‘शुद्ध’ करणाऱ्या काढ्यांनी त्या जात नाहीत. काढ्याचा खरा तोटा म्हणजे त्यात गेलेले सहा महिने. चेहरा कमी धुतल्यानेही गाठी येत नाहीत, उलट दिवसातून सहा वेळा साबण लावणाऱ्यांची त्वचा चिडते. ‘लग्न झालं की जातात’ हे तर मुलाला-मुलीला आणि डॉक्टरांना, दोघांनाही ऐकून कंटाळा आला असेल. हस्तमैथुनाचाही काही संबंध नाही. हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, पण मनात असतो.

अनुवंशाचा संबंध मात्र पक्का आहे. आई-वडिलांपैकी कुणाच्या गालावर जुने खड्डे असतील आणि मुलाला तेराव्या-चौदाव्या वर्षीच गाठी यायला लागल्या असतील, तर ‘वयाचं आहे, जाईल’ म्हणत थांबू नका.

खाण्यात काय बंद करायचं?

जेवढं लोक बंद करतात तेवढं नाही. तळलेलं, तिखट, आंबा, शेंगदाणे यांच्याविरुद्ध ठोस पुरावा नाही. ज्यांच्याबद्दल थोडाफार पुरावा आहे त्या गोष्टी म्हणजे रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं (कोल्ड्रिंक, बिस्किटं, मैद्याचे पदार्थ, दिवसाला चार-पाच गोड चहा) आणि काही जणांमध्ये दूध, विशेषतः साय काढलेलं. दही-ताकाचा तसा संबंध दिसलेला नाही.

जिमला जाणाऱ्यांनी व्हे प्रोटीनकडे नीट बघावं. व्हे सुरू केल्यावर काही आठवड्यांत पाठ आणि खांदे गाठींनी भरले अशा नोंदी आहेत. दोन-तीन महिने ते बंद करून डाळ, अंडी, सोया, चिकन यांवर भागवून बघा. आणि जिममधल्या कुणी ‘मसल लवकर येतील’ म्हणून इंजेक्शन किंवा गोळी दिली असेल तर ती बहुधा ॲनाबॉलिक स्टिरॉइड आहे. अचानक उसळलेल्या भयंकर गाठींचं ते एक नेहमीचं कारण आहे. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचाराची दिशाच बदलते.

फक्त पथ्याने मात्र गाठीचे मुरूम बरे होत नाहीत.

दुसऱ्या आजाराच्या औषधांमुळे येऊ शकतात का?

हो. तोंडावाटे किंवा इंजेक्शनने घेतलेली स्टिरॉइड, क्षयरोगावरची आयसोनियाझिड, फिटसाठीची फेनिटॉइन, लिथियम, आणि बी-१२ ची इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या ही नेहमीची नावं. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ चा कोर्स सर्रास चालतो, त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. मात्र यातलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. क्षयरोगाची आणि फिटची तर मुळीच नाही.

मेडिकलवाल्याने दिलेल्या क्रीमने चेहरा आठवड्यात साफ झाला. बंद केलं की दुप्पट येतात. असं का?

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून चार दिवसांत चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो. पुढे त्वचा पातळ होते, उन्हात गेलं की लाल होऊन जळजळते, बारीक शिरा दिसू लागतात, मुलींच्या गालावर लव वाढते आणि एकाच आकाराचे दाणेदार मुरूम उगवतात. क्रीम सोडलं की दाबून ठेवलेली सूज उसळून वर येते, घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो आणि त्यातून बाहेर पडणं अवघड होतं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘गोरेपणाचं नाइट क्रीम’ म्हणून विनालेबलच्या डबीत मिळणाऱ्या मिश्रणात काय आहे हे तर विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अशी क्रीम महिनोन्महिने लावली असतील तर ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सोडल्यावरचे पहिले काही आठवडे वाईट जातात, आणि ते निभावून नेण्यासाठी औषधं आहेत.

कोणत्या डॉक्टरकडे जायचं आणि सोबत काय न्यायचं?

त्वचारोगतज्ज्ञाकडे. पाटीवर एमडी किंवा डीएनबी त्वचारोग, डीव्हीडी, डीडीव्हीएल अशी पदवी असते. ‘स्किन क्लिनिक’ या पाटीवरून पदवी कळत नाही, विचारून घ्या. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, आणि इतर जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची त्वचारोग ओपीडी असते. गर्दीची तयारी ठेवून सकाळी लवकर जा.

सोबत न्यायच्या गोष्टी: आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटं (रिकामी असली तरी), कोणती किती दिवस वापरली याचा अंदाज, चेहरा सगळ्यात वाईट होता तेव्हाचा फोटो, मुलींसाठी गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा. जाताना चेहऱ्यावर मेकअप नको. पाठ-छातीवर गाठी असतील तर संकोच न करता दाखवा, कारण चेहऱ्यावर कमी आणि पाठीवर जास्त असेल तर औषध त्याप्रमाणे ठरतं.

डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक दिलं. गाठी कमी झाल्या, पण बंद केल्यावर परत आल्या.

बहुतेक वेळा ते डॉक्सीसायक्लिन असतं, दिवसाला १०० मिलिग्रॅम. त्याचं काम जिवाणू मारण्याइतकंच सूज उतरवण्याचं आहे. ते साधारण तीन महिन्यांपलीकडे ताणायचं नसतं आणि एकटं घ्यायचं नसतं. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलीनसारखं रेटिनॉइड (जीवनसत्त्व अ-च्या गटातलं औषध) लावायचं असतं. बेन्झॉइल पेरॉक्साइडमुळे जिवाणू औषधाला दाद देईनासे होत नाहीत आणि रेटिनॉइड नळीचं तोंड मोकळं ठेवतं. पुष्कळ जण गोळ्या नेमाने घेतात आणि जेल कोपऱ्यात पडून राहतं. मग गोळी थांबली की आजार जिथे होता तिथे येतो.

गोळी घ्यायची पद्धत महत्त्वाची. पेलाभर पाण्याबरोबर, उभं राहून किंवा बसून, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच झोपलं की गोळी अन्ननलिकेत अडकते, तिथे व्रण होतो आणि दोन दिवस पाणी गिळतानाही छातीत कळ येते. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधं यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. उन्हाने त्वचा पटकन करपते. गर्भवतींना हे औषध देत नाहीत.

दर महिन्याला तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन असा प्रकार आपल्याकडे फार चालतो. ते औषध इतर आजारांसाठी राखून ठेवावं असं आमचं स्पष्ट मत आहे. डॉक्सीसायक्लिन चालत नसेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

जेल लावलं की चेहरा जळतो, सोलतो. सोडून देऊ का?

सोडू नका, कमी करा. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं ॲडापलीन पुरतं. मुरमावर ठिपका द्यायचा नाही, सगळीकडे पातळ पसरायचं, कारण उद्याची गाठ आज निरोगी दिसणाऱ्या जागेत तयार होत असते. तोंड धुतल्यावर वीस मिनिटं थांबा, त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठांचे कोपरे टाळा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा, आधी साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावून त्यावर जेल लावलं तरी चालतं. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेल, उशीचे अभ्रे आणि रंगीत कुडत्याची गळपट्टी पांढरी पडते, म्हणून पांढरा पंचा वेगळा ठेवा.

आयसोट्रेटिनॉइन म्हणजे काय आणि ते किती दिवस घ्यायचं?

हे जीवनसत्त्व अ-पासून बनलेलं औषध. अमेरिकेत १९८२ साली गंभीर गाठीच्या मुरमांसाठी त्याला मान्यता मिळाली. तेलग्रंथी आकसते, तेल घटतं, नळी मोकळी होते, तेलावर जगणारे जिवाणू कमी होतात आणि सूज उतरते. मुरमांच्या सगळ्या कारणांवर एकदम काम करणारं दुसरं औषध नाही. खड्डे पडत असतील, किंवा अँटिबायोटिकच्या योग्य कोर्सनंतरही गाठी येत असतील, तर त्याची वेळ आली आहे.

मात्रा वजनावर ठरते: रोज दर किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, आणि पूर्ण कोर्समध्ये मिळून दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाचा हिशेब मांडू. ६० गुणिले १२० म्हणजे ७,२०० मिलिग्रॅम. रोज ३० मिलिग्रॅम घेतलं तर २४० दिवस, म्हणजे आठ महिने. रोज २० घेतलं तर ३६० दिवस. कमी मात्रेत त्रास कमी होतो पण मुदत वाढते. हा आकडा हल्ली पत्थरावरची रेघ मानत नाहीत. चेहरा पूर्ण स्वच्छ झाल्यावर आणखी एक-दोन महिने औषध चालू ठेवणं जास्त महत्त्वाचं. तिसऱ्या महिन्यात ‘आता बरं आहे’ म्हणून स्वतःच बंद करणं हे परत गाठी येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ या एका शब्दात उरकली जाते. हे औषध स्निग्ध पदार्थांबरोबरच नीट शोषलं जातं. रिकाम्या पोटी किंवा चहा-खारीसोबत घेतलं तर निम्म्याहून जास्त वाया जाऊ शकतं. म्हणून दिवसातल्या मुख्य जेवणाबरोबर घ्या, ज्यात तूप लावलेली पोळी, शेंगदाण्याची चटणी, अंडं, मासे, पनीर असं काहीतरी आहे. उपासाच्या दिवशी कॅप्सूल नुसत्या फळांवर घेऊ नका, साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घ्या.

आयसोट्रेटिनॉइन सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात गाठी वाढल्या. औषध लागू पडत नाही का?

पहिल्या तीन ते सहा आठवड्यांत काही जणांचे मुरूम वाढतात. ज्यांना मुळात खूप गाठी आहेत त्यांचे जास्त. म्हणून जाणकार डॉक्टर अशा रुग्णाला कमी मात्रेने सुरुवात करतात, कधी सोबत थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. स्वतःहून मात्रा वाढवू नका. पण गाठी फुटून रक्ताळलेल्या खपल्या झाल्या, ताप आला, सांधे दुखायला लागले, तर तो नेहमीचा उसळा नाही. ॲक्ने फुलमिनन्स म्हणतात त्याला, विशेषतः किशोरवयीन मुलांमध्ये होतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आयसोट्रेटिनॉइनने यकृत खराब होतं, मूल होत नाही असं ऐकलं. खरं काय?

मूल न होणं खोटं आहे. पूर्ण कोर्स घेऊन औषध शरीरातून गेल्यावर स्त्री-पुरुष दोघांनाही मुलं होण्यात अडथळा येत नाही.

यकृताची एन्झाइम्स आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) काहींमध्ये वाढतात, बहुतेकदा थोडेच. म्हणून सुरू करण्याआधी उपाशीपोटी तपासणी, मग साधारण दोन महिन्यांनी किंवा मात्रा वाढवल्यावर पुन्हा. दारू टाळा. तपासणीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत जिममध्ये जड व्यायाम नको, कारण स्नायूंमुळेही एसजीओटी (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) वाढलेलं दिसतं आणि विनाकारण औषध थांबवलं जातं.

ओठ कोरडे पडणं जवळपास प्रत्येकाला होतं, इतकं की ओठ अजिबात सुकत नसतील तर औषध घेतलं जातंय ना, हा प्रश्न आधी विचारावा. साधी व्हॅसलीन दिवसातून सात-आठ वेळा लावा आणि ओठ चाटू नका. नाकातून रक्त येत असेल तर रात्री नाकपुडीच्या आत बोटाने तीच थोडी लावा. डोळे कोरडे पडतात, काँटॅक्ट लेन्स टोचतात, रात्री गाडी चालवताना अंधुक दिसू शकतं. कंबर-पाठ दुखते. वॅक्सिंग कोर्सभर आणि नंतर सहा महिने बंद: केसांबरोबर कातडीही निघते. थ्रेडिंगही जपून.

डॉक्सीसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन याच्यासोबत कधीच घ्यायचं नाही. दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. दुसऱ्या डॉक्टरकडे सर्दी-तापासाठी गेलात तरी हे सांगा. जीवनसत्त्व अ असलेल्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या बंद ठेवा. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर एक महिना रक्तदान करू नका, कारण ते रक्त गर्भवतीला चढू शकतं.

गर्भधारणेबद्दल इतका इशारा का देतात?

कारण यात मधली वाट नाही. गरोदरपणात थोडे दिवस घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइननेही बाळाचा मेंदू, हृदय, चेहरा आणि कान यांत गंभीर दोष निर्माण होऊ शकतात. म्हणून सुरू करण्याआधी एक महिना, कोर्सभर आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर एक महिना खात्रीचं गर्भनिरोधन हवं. शक्यतो दोन पद्धती, आणि दर महिन्याला गर्भचाचणी. लग्न ठरलेल्या मुलींनी ही मुदत कॅलेंडरवर मांडून डॉक्टरांशी बोलावं. घरच्यांसमोर हे बोलणं अवघड असेल तर डॉक्टरांना ‘दोन मिनिटं एकटीशी बोलायचं आहे’ असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पाळी चुकली तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवा आणि मग चाचणी करा.

पुरुष हे औषध घेत असेल तर त्याच्या जोडीदाराच्या गर्भाला धोका आढळलेला नाही. पण आपल्या कॅप्सूल बहिणीला किंवा मैत्रिणीला देऊ नका.

मनावर परिणाम होतो का?

मोठ्या संख्येतल्या अभ्यासांत आयसोट्रेटिनॉइनमुळे नैराश्य वाढतं असं सरसकट दिसलेलं नाही. चेहरा सुधारल्याने अनेकांचं मन उलट हलकं होतं. तरीही एखाद्याच्या बाबतीत मनःस्थिती बिघडल्याच्या नोंदी आहेत. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर सुरुवातीलाच सांगा. घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा: झोप उडाली, चिडचिड वाढली, जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलणं सुरू झालं तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांकडे.

औषधाइतकंच मुरूमही मन खातात, हेही घरच्यांनी ध्यानात घ्यावं. कॉलेज बुडवणं, फोटोतून गायब होणं, कॅमेरा बंद ठेवून मुलाखत देणं याला ‘नखरे’ म्हणू नका. आणि प्रत्येक लग्नकार्यात ‘अगं, हे काय झालं चेहऱ्याला?’ विचारणाऱ्या मावशी-आत्यांना आईनेच आधी गाठून थांबवलेलं बरं.

पंचविशीनंतर हनुवटीवर आणि जबड्यावर गाठी येतात, पाळीच्या आधी वाढतात. वेगळं काही आहे का?

हॉर्मोन्सकडे बघायला हवं. पाळी ३५ दिवसांहून जास्त लांबते, हनुवटीवर जाड केस येतात, भांग रुंद होतो, वजन वाढतंय, मानेवर काळपट मखमली पट्टा आहे, यांतलं काही असेल तर पीसीओएसची (बीजकोश आणि हॉर्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी होते: टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस, १७-ओएच प्रोजेस्टेरॉन, टीएसएच, प्रोलॅक्टिन, साखर आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी. रक्त शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यावं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडे फसवे येतात.

उपचारात संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या किंवा ॲन्ड्रोजनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन, रोज ५० ते १०० मिलिग्रॅम, यांचा उपयोग होतो. दोन्हींना तीन ते सहा महिने द्यावे लागतात. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा दिसून होणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. स्पायरोनोलॅक्टोनवर असताना गर्भधारणा टाळायची असते.

साखरपुडा चार दिवसांवर आहे आणि गालावर मोठी गाठ आली. काही होऊ शकतं?

होऊ शकतं. त्वचारोगतज्ज्ञ गाठीत बारीक सुईने पातळ केलेलं ट्रायॲम्सिनोलोन हे स्टिरॉइड अगदी थोडं सोडतात, साधारण २.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या ताकदीचं, एका मिलिलिटरचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी. दोन-तीन दिवसांत गाठ बसते. औषध जास्त तीव्र किंवा जास्त प्रमाणात गेलं तर तिथे खळगा पडतो. तो बहुधा काही महिन्यांत भरतो, पण साखरपुड्यात दिसेल. म्हणून हे काम सवयीच्या हाताकडूनच करून घ्या. चाळीस गाठी असतील तर हा मार्ग नाही.

रोज चेहऱ्याची काळजी कशी घ्यायची?

दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, हातानेच, घासणी किंवा स्क्रब नको. मुलतानी माती आठवड्यातून एकदा चालेल, पण औषधाने कोरड्या पडलेल्या त्वचेवर नको. सकाळी एसपीएफ ३० किंवा त्यावरचं जेलसारखं सनस्क्रीन. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जाड क्रीम टिकत नाही.

खोबरेल तेल चेहऱ्यावर लावू नका. केसांना लावायचं तर धुण्याआधी तासभर लावा, रात्रभर नको. तेल कपाळावर आणि उशीवर उतरतं. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा दर आठवड्याला साबणाने धुवा. त्याच्या घासण्यानेही ओळीने गाठी येतात. दाढी करताना ब्लेड एकदाच, केसांच्या दिशेने, आणि गाठीवरून नाही. न्हाव्याकडे नवीन ब्लेडचा आग्रह धरा, तुरटीचा दगड नको.

शिकायला परदेशी जातोय. कोर्स अर्धा झालाय, उरलेलं औषध घरून मागवू का?

नको. अमेरिकेत २००६ पासून आयसोट्रेटिनॉइन आयप्लेज नावाच्या सक्तीच्या नोंदणीखालीच मिळतं आणि एका वेळी ३० दिवसांचंच देतात. ब्रिटनमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये १८ वर्षांखालच्यांना ते सुरू करायला दोन तज्ज्ञांची संमती सक्तीची केली गेली. शक्य असेल तर जाण्याआधी कोर्स संपेल अशी सुरुवात करा. नाहीतर इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, आजवर एकूण किती मिलिग्रॅम झालं त्याचा आकडा आणि शेवटचे रक्ताचे रिपोर्ट सोबत न्या. तिथल्या डॉक्टरला पुढचा हिशेब त्यावरूनच करता येतो.

काखेत आणि जांघेतही अशाच गाठी येतात.

तो बहुधा वेगळा आजार आहे, हायड्राडेनायटिस. त्याचे उपचार वेगळे असतात आणि त्यात आयसोट्रेटिनॉइनचा फारसा उपयोग होत नाही. पाठ-छातीवर सारख्या आकाराचे, खाजणारे बारीक दाणे असतील तर ती बुरशीही असू शकते, अँटिबायोटिकने ती वाढते.

एकदा बरे झालेले मुरूम परत येतात का?

आयसोट्रेटिनॉइनचा पूर्ण कोर्स झालेल्या बऱ्याच जणांना पुन्हा गाठी येत नाहीत. काहींना येतात, विशेषतः ज्यांनी फार लहान वयात कोर्स घेतला, पाठीवर जास्त होतं किंवा पीसीओएस आहे त्यांना. त्यांना दुसरा कोर्स देता येतो, सहसा निदान दोन महिन्यांच्या अंतराने. कोर्स संपल्यावर वर्षभर तरी रात्रीचं ॲडापलीन चालू ठेवा.

डाग आणि खड्डे यांचं काय करायचं?

आधी वेगळे ओळखा. सपाट काळा-तपकिरी डाग हा खड्डा नाही. सनस्क्रीन, ॲडापलीन आणि ॲझेलिक ॲसिड यांनी तो काही महिन्यांत उतरतो. बोटाला खोलगट लागतं तो खरा खड्डा, आणि तो कोणत्याही क्रीमने भरत नाही.

खड्ड्यांचे प्रकार तीन. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतील तर टीसीए नावाचं तीव्र ॲसिड टोकदार काडीने नेमकं आत टेकवतात. कडा उभ्या असलेले, पेटीसारखे खड्डे असतील तर मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेसर. कडेने प्रकाश पाडला की लाटांसारखे दिसणारे उथळ खळगे खालच्या तंतूंनी ओढले गेलेले असतात. सुईने ते तंतू तोडायला सबसिजन म्हणतात. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकार एकत्र असतात, म्हणून ‘एकाच सिटिंगमध्ये गुळगुळीत’ अशी जाहिरात करणाऱ्यापासून दूर राहा. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा जावं लागतं आणि सुधारणा होते ती अंशतः.

सावळ्या त्वचेवर लेसरची तीव्रता जास्त झाली तर काळे पट्टे उमटतात. आधी कानामागे किंवा जबड्याखाली लहानशा जागेवर करून बघायला सांगा. छाती, खांदे आणि जबड्याच्या कडेवर डाग वर उचललेले, गुलाबी, खाजणारे असतील तर ते केलॉइड आहेत. त्यांना ॲसिड किंवा सुया लावल्या की वाढतात, त्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. आयसोट्रेटिनॉइननंतर सहा महिने काहीच करायचं नाही हा जुना नियम आता सैल झाला आहे. वरवरचे पील (सौम्य ॲसिडने वरचा थर सोलणं) आणि मायक्रोनीडलिंग आधीही करता येतात, पण नव्या गाठी येणं पूर्ण थांबल्याशिवाय खड्ड्यांवर पैसे घालू नका.